बिलोलीची वाट आणि नायगावची कचेरी

महाराष्ट्रातल्या स्थानिक स्वराज्याचा इतिहास सांगायला बसलं की तीन टप्पे हमखास पुढे येतात. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा, १ मे १९६२ पासून सुरू झालेल्या जिल्हा परिषदा आणि १९९३ साली अमलात आलेली ७३वी घटनादुरुस्ती. पुणे-साताऱ्याकडच्या एखाद्या गावाचा इतिहास या तीन खुंट्यांवर बऱ्यापैकी टांगता येतो. नांदेड जिल्ह्यातल्या नायगावचा इतिहास तिथं टिकत नाही. या गावाचं रूप ज्या वर्षी बदललं ते वर्ष १९९९. त्या वर्षी गावाला कुठलीही निवडून दिलेली संस्था मिळाली नाही, कुठला नवा हक्क मिळाला नाही. नांदेड जिल्ह्यातल्या ८ तालुक्यांचे १६ झाले, बिलोली तालुक्यातून नायगाव वेगळं निघालं आणि तिथं तहसील कचेरी आली, एवढंच. तरीही माझं म्हणणं असं आहे की मराठवाड्याच्या या टोकाला शेतकऱ्याच्या दृष्टीनं स्थानिक स्वराज्याचा खरा प्रश्न मताचा कमी आणि कचेरी किती लांब आहे याचा जास्त राहिला. ती जवळ यावी म्हणून झालेली धडपड हा इथल्या लोकशाहीचाच भाग मानायला हवा. आणि कचेरी दारात आल्यावर गावानं जे गमावलं, त्याचा हिशेबही त्याच वहीत मांडायला हवा.

हे समजायचं तर निजामी अमलापर्यंत मागे जावं लागतं. पहिल्या सालारजंगानं १८५३ साली दिवाणगिरी हाती घेतली तेव्हा राज्यातला शेतसारा बऱ्याच ठिकाणी मक्त्यानं वसूल होई. बोली लावणारा मक्तेदार सरकारला ठरलेली रक्कम देई आणि वर जे निघेल ते आपल्या पदरात टाकी. १८६५ च्या जिलाबंदीनं हे मोडलं. जिल्हे आखले गेले, जिल्ह्यावर अव्वल तालुकदार आणि तालुक्यावर तहसीलदार बसला. पुढे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी आणि आकारणी झाली. मराठवाड्यात रयतवारी रुजली ती या व्यवस्थेतून. नायगाव तेव्हा बिलोली तालुक्यात होतं. म्हणजे सरकार नावाची गोष्ट बिलोलीला राहायची आणि गावात तिचे तीन वतनदार असायचे: शेतसारा गोळा करणारा माली पाटील, बंदोबस्त बघणारा पोलीस पाटील आणि दप्तर सांभाळणारा पटवारी. १८८० च्या दशकात कचेरीची भाषा फारसीऐवजी उर्दू झाली. गावचं दप्तर मात्र मराठीत, मोडी लिपीत चालत राहिलं. ज्याला कचेरीतला कागद वाचता येत नाही आणि पटवाऱ्याची मोडीही लागत नाही, त्या कुणब्यासाठी बिलोलीचं अंतर कोसांत मोजून भागत नव्हतं. मधे एक माणूस लागायचा, आणि तो माणूस वंशपरंपरेनं ठरलेला असायचा.

शेजारच्या ब्रिटिश मुलखात याच काळात वेगळं काही घडत होतं. मुंबई इलाख्यात १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा आला, १९२० साली आणि पुन्हा १९३३ साली ग्रामपंचायतींचे कायदे झाले. त्यांतून फार मोठी सत्ता लोकांकडे आली असं कुणी म्हणणार नाही. पण निवडणूक, ठराव, सभेचा वृत्तांत, अंदाजपत्रक या गोष्टी सोलापूर-नगरच्या लोकांच्या दोन पिढ्यांच्या हाताखालून गेल्या. हैदराबाद संस्थानातही स्थानिक बोर्डं होती. शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा स्थानिक कर घेतला जाई आणि त्यातून रस्ते, शाळा, दवाखाने चालवायचे अशी ती व्यवस्था. तालुक्याच्या बोर्डाचा अध्यक्ष मात्र तहसीलदार आणि जिल्ह्याच्या बोर्डाचा अध्यक्ष अव्वल तालुकदार. कर घेणारा, खर्च करणारा आणि जाब विचारणारा एकच. १९४० च्या सुमारास संस्थानानंही पंचायतींचा कायदा केला, पण गावगाड्याला त्याचा धक्का लागला नाही. शिवाय संस्थानाच्या सुमारे ४० टक्के मुलखात, म्हणजे जहागिरी, पायगा आणि खुद्द निजामाच्या सर्फ-ए-खासमध्ये, दिवाणी कायदाही सरळ पोचत नव्हता. थोडक्यात, १९४८ पर्यंत नायगावसारख्या गावाला स्वराज्याचा सराव करायला जागाच नव्हती. सरकारशी गाठ पडायची ती एकाच ठिकाणी, कचेरीत.

यावर एक जुना आक्षेप घेतला जातो. सरकार लांब होतं म्हणूनच गाव स्वयंपूर्ण होतं. चावडीवर पंच बसत, भांडणं तिथंच मिटत, बलुतेदारांचा वाटा खळ्यावरच मोजला जाई. गावाला तहसीलदाराची गरज काय होती? गावाला छोटं प्रजासत्ताक म्हणायची ही परंपरा एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी सुरू केली आणि नंतर आपल्याकडच्या बऱ्याच विचारवंतांनी ती आवडीनं उचलली. डॉ. आंबेडकरांनी नोव्हेंबर १९४८ मध्ये घटना समितीत तिच्यावर जो प्रहार केला, त्याच्या पुराव्यासाठी मराठवाड्याबाहेर जायची गरज नाही. चावडीवर कोण चढू शकत होतं आणि कोण पायरीखाली उभं राहत होतं, हे प्रत्येक गावाला ठाऊक होतं. ज्यांना पायरीखाली उभं केलं त्यांच्या वाट्याला गावची सगळी वेठ होती, आणि त्या वेठीविरुद्ध दाद मागायची तर पुन्हा त्याच चावडीकडे. १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतरच्या हिंसेची पाहणी करायला पंडित सुंदरलाल यांची समिती आली, तेव्हा तिनं सर्वाधिक झळ पोचलेले म्हणून जे चार जिल्हे नोंदवले त्यांत नांदेड होता. तीस वर्षांनी, १९७८ साली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाल्यावर दलित वस्त्यांवर जे हल्ले झाले, त्यांत याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. तोवर गावोगाव निवडलेली पंचायत होती, पोलीस पाटील होता. गावाच्या आतल्या कुठल्याच व्यवस्थेला तो माणूस वाचवता आला नाही. कचेरी लांब असली की गाव मोकळं होतं हे खरं, पण सगळं गाव मोकळं होत नाही. ज्यांचा गावात जोर असतो ते मोकळे होतात.

आता जागेचा विचार करू, कारण नायगावची गोष्ट रस्ता आणि नदी यांनी बरीच ठरवली. हैदराबाद-गोदावरी खोऱ्याची मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास मनमाडपर्यंत पोचली. नांदेड, मुदखेड, उमरी, धर्माबाद ही तिची या भागातली स्टेशनं. गाडी आली तशी उमरी आणि धर्माबादला कापसाची, धान्याची उलाढाल वाढली. नायगाव मात्र गोदावरीच्या, म्हणजे इकडच्या बोलीत गंगेच्या, अलीकडच्या काठाला राहिलं. स्टेशन पलीकडे. बिलोलीची कचेरी एका दिशेला, रेल्वेचा मोंढा दुसऱ्या दिशेला आणि नांदेडची मोठी बाजारपेठ पन्नासेक किलोमीटरवर तिसऱ्या दिशेला. नायगावजवळ होतं ते नांदेडहून नरसीवरून देगलूर-बिलोलीकडे जाणाऱ्या सडकेचं शेजार आणि आठवडी बाजार. पत्त्यावर अजूनही 'नायगाव (बा.)', म्हणजे बाजाराचं नायगाव, लिहितात, सरकारी कागदांत 'नायगाव (खैरगाव)'. आसपासच्या गावांची माणसं एकत्र येत ती बाजाराच्या दिवशी. सोयरीक, उसनवारी, बैलांची खरेदी, सालगड्याचं साल ठरवणं ही कामं जिथं होतात ते गाव भागाचं केंद्र असतंच, सरकारनं तिथं फलक लावो न लावो. हैदराबादनं १९३० साली शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. महाराष्ट्रात १९६३ च्या कायद्यानं कृषी उत्पन्न बाजार समित्यांना सध्याचं रूप मिळालं. मोंढ्यात अडत्या, मापाडी, हमाल आणि शेतकरी यांची जी रोजची गाठ पडते, तीही एक प्रकारची पंचायतच. फरक एवढाच की तिथं उधारी नेहमी एकाच बाजूची असते.

निजामाविरुद्धच्या लढ्यात, १९४६ ते ४८ या काळात, कचेरीकडे बघण्याची नजर पार बिघडली. बिलोली भागातले स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे १९४६ साली अर्जापूरजवळ मारले गेले. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या बँकेवर स्टेट काँग्रेसच्या सैनिकांनी छापा घातला. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून निघणाऱ्या तुकड्या करोडगिरी नाके उद्ध्वस्त करत, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरं जाळत. इतिहासाच्या पुस्तकांत बँकेची हकिगत रंगवून सांगितली जाते आणि दप्तरं जाळण्याला एक ओळ मिळते. मला दुसरी गोष्ट जास्त बोलकी वाटते. राज्य उलथवायला निघालेल्या माणसांना खेड्यात राज्याचं म्हणून हात घालण्यासारखं काय सापडलं? ना टाऊन हॉल, ना बोर्डाची इमारत. पटवाऱ्याच्या घरातलं दप्तराचं बासन सापडलं. राज्य तिथं राहत होतं.

१७ सप्टेंबर १९४८ ला निजामी राज्य संपल्यानंतर ते बासन कुणाकडे जाणार हाच प्रश्न उरला. १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५० चा कूळकायदा आला, १९५४-५५ साली खासरा पाहणी झाली. मराठवाड्यातल्या जमिनीच्या भांडणांत आजही वकील तिच्यापासून सुरुवात करतात. आणि मग १ नोव्हेंबर १९५६ चा राज्य पुनर्रचनेचा दिवस आला. या भागात तो निव्वळ भावनिक घटनेसारखा सांगितला जातो. प्रशासनाच्या इतिहासासाठी त्यानं एक दुर्मीळ तुलना निर्माण केली. पुनर्रचनेच्या कायद्यानं नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं, तसंच मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळं आंध्रात गेली. काल एका तहसीलदाराच्या हाताखाली असलेली गावं आज दोन राज्यांत. जमीन तीच, पीक तेच, निजामी दप्तर तेच. यापुढे जे काही वेगळं घडलं ते राज्यांनी घडवलं.

काय घडलं ते बघा. महाराष्ट्रानं १९६२ साली महसूल पाटलांचं पद रद्द करणारा कायदा केला आणि १ जानेवारी १९६३ पासून माली पाटलाचा अधिकार संपला. वतनदार पटवाऱ्याची जागा पगारी, बदलीच्या तलाठ्यानं घेतली. पलीकडे, बिचकुंद्याच्या बाजूला, पटेल-पटवारी १९८४ पर्यंत राहिले, एन. टी. रामाराव यांच्या सरकारनं त्या वर्षाच्या सुरुवातीला ती पदं एका फटक्यात रद्द केली. म्हणजे दप्तर वतनदाराच्या हातून काढण्यात महाराष्ट्र २१ वर्षं पुढे होता, आणि याचं श्रेय आपण फारसं घेत नाही. पण त्याच रामाराव सरकारनं १९८५ साली दुसरं पाऊल टाकलं. तालुके मोडून त्यांनी मंडळं केली, राज्यभर हजाराहून जास्त. एका तालुक्याच्या पोटात तीन-चार मंडळं, प्रत्येक मंडळाला महसुलाची कचेरी. गंगेच्या आणि मांजरेच्या पलीकडचा शेतकरी बैलगाडीच्या अंतरावरच्या कचेरीत जाऊ लागला, तेव्हा नायगावचा शेतकरी अजून एसटीनं पंचवीस-तीस किलोमीटर बिलोलीला जात होता. तो आणखी १४ वर्षं गेला.

ही १४ वर्षं महत्त्वाची का? कारण दरम्यान कचेरीचं काम बदललं होतं. १९७२ च्या दुष्काळापर्यंत कचेरी मुख्यतः घेणारी होती: शेतसारा, दंड, कर्जवसुली. दुष्काळात ती देणारी झाली. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, नाला बांध, पाझर तलाव आणि दुपारची सुकडी. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला. १९८० च्या सुमारास निराधारांच्या अनुदानाची योजना आली. पाठोपाठ उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे दाखले शाळा-नोकरीसाठी लागू लागले, पैसेवारीवर वसुलीची सूट ठरू लागली, पिकाचा मावेजा पंचनाम्यावर अवलंबून राहू लागला. शेतमजुराच्या बाईला निराधार योजनेसाठी तीन चकरा माराव्या लागल्या तर तीन दिवसांची मजुरी आणि तीनदा एसटीचं भाडं. तिच्या हक्काची किंमत एवढ्यानं कमी होते. ज्याच्याकडे मोटारसायकल आहे किंवा कचेरीत ओळख आहे, त्याला अंतर लागत नाही. म्हणून अंतर हा तटस्थ भूगोल नाही. तो गरिबावर बसलेला एक कर आहे, आणि त्या कराविरुद्ध तालुका मागणं ही राजकीय मागणी आहे.

इथं अभ्यासू वाचक मला थांबवील. महाराष्ट्राच्या पंचायत राज्याचं वैशिष्ट्यच हे की वसंतराव नाईक समितीनं जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा परिषदेबाहेर ठेवलं आणि शाळा, आरोग्य, रस्ते लोकनियुक्त संस्थेकडे दिले. मग नायगावचं राजकारण कचेरीभोवती फिरत होतं असं कसं म्हणता? आक्षेप वजनदार आहे. जिल्हा परिषदेच्या शाळांनी या भागात जे केलं ते निजामी शंभर वर्षांत झालं नव्हतं. मराठी शाळा गावात आली, मास्तर गावात आला. पण या व्यवस्थेनं कामांची वाटणी केली ती अशी, की शाळेचा वर्ग, रस्ता, हातपंप हे सार्वजनिक काम लोकनियुक्तांकडे गेलं आणि सातबारा, दाखला, अनुदान हे ज्याच्या-त्याच्या नावाचं काम तहसीलकडे राहिलं. माणूस सार्वजनिक कामासाठी सरपंचाला धरतो, आपल्या कामासाठी कचेरी गाठतो. आणि पंचायत समितीची कचेरीही तालुक्याच्याच ठिकाणी, म्हणजे पुन्हा बिलोलीलाच. दोन्ही वाटा एकाच बसस्टँडवर संपत होत्या.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. तालुका गरिबानं नाही मागितला, पुढाऱ्यानं मागितला. कचेरी आली की जागेचे भाव वाढतात, गाळे निघतात, कंत्राटं निघतात आणि गावातल्या वजनदार घराचं वजन आणखी वाढतं. नायगावच्या बाबतीत हे सहज पटण्यासारखं आहे. वसंतराव चव्हाण सत्तरच्या दशकात नायगावचे सरपंच झाले. पुढे जिल्हा परिषद, २००२ साली विधान परिषद, २००९ आणि २०१४ साली विधानसभा आणि २०२४ साली लोकसभा असा त्यांचा प्रवास झाला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांचं निधन झालं आणि पोटनिवडणुकीत त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण खासदार झाले. वसंतरावांचे वडील बळवंतराव हेही आमदार होते. मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावाचं राजकारण अशा एक-दोन घरांच्या नावानं सांगता येतं, आणि बाजार समिती, सोसायटी, शिक्षण संस्था या त्या घरांच्या पायऱ्या असतात. पण यातून एवढंच सिद्ध होतं की मागणीत पुढाऱ्याचाही फायदा होता. मागणी खोटी होती हे सिद्ध होत नाही. पुढाऱ्याचा फायदा आणि निराधार बाईची वाचलेली चकर एकाच निर्णयातून निघू शकतात. लोकशाहीत बरीच चांगली कामं अशीच होतात. शिवाय मतदार एका घराला बांधलेला आहे हेही अर्धंच खरं. मतदारसंघांच्या फेररचनेनं नायगाव, उमरी आणि धर्माबाद तालुके मिळून नायगाव नावाचा विधानसभा मतदारसंघ तयार झाला, म्हणजे गंगेचे दोन्ही काठ एकत्र आले. तिथं २००९ साली चव्हाण अपक्ष म्हणून निवडून आले, २०१९ साली भाजपच्या राजेश पवारांनी त्यांना हरवलं.

अंतराचा मुद्दा आजही किती जिवंत आहे हे २०१८ साली दिसलं. धर्माबाद तालुक्यातल्या काही गावांच्या सरपंचांनी आमची गावं तेलंगणात घाला अशी मागणी केली, आणि २०१९ च्या विधानसभा निवडणुकीआधी नायगाव, भोकर, देगलूर, किनवट, हदगाव भागातली मंडळी हैदराबादला जाऊन तेलंगणाचे तेव्हाचे मुख्यमंत्री चंद्रशेखर राव यांना भेटली. वर्तमानपत्रांनी याचा अर्थ तेलंगणाच्या रयतु बंधू योजनेच्या पैशांशी जोडला, आणि तो चुकीचा नव्हता. एकरी मदत हंगामाआधी खात्यात पडते हे पलीकडच्या पाहुण्यांकडून ऐकल्यावर कुणाचंही मन चाळवेल. पण सरकार आपल्या दारापर्यंत कधी येतं, ही जुनी मोजपट्टीच लोक इथं वापरत होते. मराठी अस्मितेच्या नावानं ज्यांनी त्यांच्यावर टीका केली, त्यांना १९५६ पूर्वी हा एकच मुलूख होता याचा विसर पडला असावा. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांच्या लेकी दिलेल्या आहेत. तुलना घराघरात रोज होते.

इथवर मी कचेरीच्या बाजूनं बोललो. आता उलट बाजू. ७३व्या घटनादुरुस्तीनं ग्रामपंचायतीला दोन गोष्टी दिल्या ज्या मराठवाड्यात आधी इतक्या भक्कम कधीच नव्हत्या. एक, आरक्षण: महिलांना एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा, अनुसूचित जाती-जमाती आणि ओबीसींना सदस्यत्व आणि सरपंचपदही. सरपंच बाईच्या नावावर पती कारभार करतो अशी थट्टा सगळे करतात. पण चावडीच्या पायरीखाली उभ्या राहणाऱ्या घरातली सून ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बसली ही घटना त्या थट्टेनं पुसली जात नाही. दुसरी, ग्रामसभा. वर्षातून किमान चार वेळा गावातल्या प्रत्येक मतदाराला हक्कानं येऊन खर्चाचा हिशेब विचारता येतो, लाभार्थ्यांची यादी अडवता येते. कोरम भरत नाही, भांडणं होतात, ठराव आधीच लिहून आणलेले असतात, सगळं मान्य. पण हैदराबाद संस्थानाच्या या जुन्या तालुक्यांत कारभार करणाऱ्याला सामान्य माणसानं सगळ्यांसमोर प्रश्न विचारण्याची कायदेशीर जागा याआधी इतकी पक्की कधीच नव्हती. मुंबई इलाख्याला ज्याचा साठ-सत्तर वर्षं सराव मिळाला, तो सराव नायगावच्या भागाला इथून मिळू लागला होता.

आणि नेमकी तीच जागा नायगावनं गमावली, तीही तालुका झाल्यामुळे. २०१४-१५ च्या सुमारास राज्य सरकारनं तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. नायगावची ग्रामपंचायत गेली, १७ प्रभागांची नगरपंचायत आली. ग्रामसेवकाच्या जागी शासननियुक्त मुख्याधिकारी आला. ग्रामसभेच्या तोडीची, सगळ्या मतदारांना हक्कानं बसता येईल अशी नियमित सभा शहरी कायद्यात नाही. घटनेतली प्रभाग समितीची सक्तीसुद्धा तीन लाख आणि त्यावरच्या वस्तीसाठी आहे, नायगावसारख्या गावाच्या ती गावीही नाही. केंद्राच्या रोजगार हमी कायद्यातली ग्रामीण क्षेत्राची व्याख्या नगरपंचायतीच्या हद्दीला लागत नाही. आणि विचित्र भाग असा की जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचे मतदारसंघ नगरपंचायतीची हद्द वगळून आखतात. पंचायत समितीची इमारत नायगावात, तिच्या सभा नायगावात, पण नायगावच्या मतदाराला त्या समितीचा एकही सदस्य निवडता येत नाही.

नगरपंचायतीची बाजू घेणारे म्हणतील, गाव वाढलं होतं. गटारं, घनकचरा, पाणीपुरवठा, विकास आराखडा हे ग्रामपंचायतीच्या आवाक्याबाहेर गेलं होतं, नगरविकासाचा निधी हवा होता. निधीचा मुद्दा खरा आहे. पण निधीसाठी सभा का सोडावी लागली याचं उत्तर त्यात नाही. हद्दीतल्या बऱ्याच माणसांचा धंदा अजून शेतीच आहे. सोयाबीन, तूर, कापूस, ज्वारी हीच पिकं, तोच मोंढा, तोच तलाठी. माणूस शेतकरीच राहिला, कायद्याच्या लेखी तो नागरी झाला. २०२२ च्या निवडणुकीत नायगाव नगरपंचायतीच्या १७ पैकी १७ जागा काँग्रेसला मिळाल्या. लोकांनी दिलेला कौल आहे, त्यावर आक्षेप घेण्याचं कारण नाही. पण ज्या सभागृहात विरोधी बाकावर एकही माणूस नाही, तिथं वेगळं मत असणाऱ्यानं ते मांडायचं कुठं? ग्रामपंचायतीत असा एकतर्फी निकाल लागला असता तरी ग्रामसभा उरली असती. हरलेल्या पॅनलचा माणूस, वस्तीवरची बाई, निवडणुकीला उभं राहण्याची ऐपत नसलेला मजूर यांना वर्षातून चारदा तरी उभं राहून बोलता आलं असतं. शेजारच्या, लोकसंख्येनं कितीतरी लहान असलेल्या खेड्यांतल्या लोकांना तो हक्क आजही आहे.

दोन्ही बदल वरूनच आले, मग एकाचं स्वागत आणि दुसऱ्याबद्दल कुरकुर का, असं कुणी विचारील. फरक आहे. तालुका हवा ही मागणी त्या भागाची होती. बिलोलीच्या चकरा मारणाऱ्या प्रत्येकाला तिचा अर्थ कळत होता, आणि सरकारनं उशिरा का होईना ती मान्य केली. नगरपंचायत तालुक्याचं ठिकाण या एका निकषावर राज्यभर सरसकट आली. नायगावला ती हवी आहे का, हे त्या निकषात कुठं बसतच नव्हतं. गावाचं रूप बदलताना ग्रामसभेसारखी सभा शहरी कायद्यात घालायला विधिमंडळाला काही अडचण नव्हती आणि आजही नाही. त्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही, १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात एक कलम पुरे. नायगाव, अर्धापूर, माहूर यांसारख्या गावांच्या मतदारांनी ते कलम मागितलं तर तहसील कचेरी मागण्याइतकीच ती रास्त मागणी असेल, आणि या खेपेला अर्ज घेऊन बिलोलीला जावं लागणार नाही.